आम्ही वेल्डिंग शिकलो



तुमच्या वर्गाच्या बाई परवा आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या वर्गात येऊन दोन शब्द बोला. पण शाळेतले काही सांगू नका. तुमचे स्वतःचे सांगा." आम्ही पेचात पडलो. छत्तीस वर्षे आम्ही शाळेत काढली. शाळा वगळली तर आमच्यापाशी राहते काय? मग अंगणाकडे नजर गेली. तिथे कडुलिंबाखाली आमची जुनी गाडी उभी होती. म्हटले, हिचेच सांगावे. ही गाडी नीट करता करता आम्ही बासष्टाव्या वर्षी वेल्डिंग शिकायला बसलो. त्यात फजिती झाली, आणि एकदा फार मोठी चूकही झाली. ती सगळी सांगतो.

गाडी म्हणजे माल वाहायचा ट्रक. आमच्या वडिलांनी, सगळे त्यांना आबा म्हणत, १९६६ साली तो जुना विकत घेतला. गाडीचे नाव फार्गो. हे नाव आता तरुण मुलांना ठाऊक नसते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स नावाची कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना उभा केला. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी त्यांचा करार होता. त्या कंपनीच्या डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांच्या मालगाड्या असत. नावे तीन, पण गाडी बहुतेक एकच. तोंडावरची नावाची पट्टी तेवढी निराळी. एका आईची तीन मुले, प्रत्येकाची टोपी वेगळी, तसे म्हणा.

१९७२ सालचा दुष्काळ तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आमचा माण तालुका तर दुष्काळाचाच. त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले. सरकारने दुष्काळी कामे काढली. बाया-माणसे खडी फोडायला आणि तलावाच्या बांधावर माती टाकायला जात. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. कामावरच्या माणसांना सुकडी वाटत. त्या मिलोची पोती आमच्या गाडीने वाहिली. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पोत्यांवर बसून यायचो. गाडी वेशीत आली की पारावरची माणसे उठून उभी राहत. कुणी बोलत नसे. नुसती गाडीकडे बघत. ते बघणे आम्ही अजून विसरलेलो नाही.

पुढे आबा थकले. १९९१ साली गाडी लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. तीस वर्षे ऊन खाल्ले, पाऊस खाल्ला. बसायच्या जागी कोंबड्या अंडी घालू लागल्या. टपावर पाला कुजला. आम्ही रोज तिच्या शेजारून शाळेत जात होतो, पण तिच्याकडे बघत नव्हतो, हे खरे.

२०२२ साली एक भंगारवाला दारात आला. वजनावर पैसे देतो म्हणाला. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, देऊन टाका, जागा मोकळी होईल." आमच्या घरातल्या मंडळींचेही तेच मत. भंगारवाल्याने दार उघडून बघायला मूठ ओढली. तर दारच निखळून त्याच्या हातात आले! तो हसला. म्हणाला, "गुरुजी, ह्यात लोखंड थोडं आन् तांबेरा जास्त."

बोलणे खरे होते, पण आम्हाला ते लागले. आम्ही त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. गाडी विकायची नाही म्हटले. नीट करायची म्हटले. कशी करायची, ते काही ठाऊक नव्हते.

आधी हा तांबेरा म्हणजे काय ते बघू. गव्हावर पडतो तो तांबेरा रोग आहे, हा निराळा. लोखंडाला हवा आणि पाणी ही दोन्ही एकदम मिळाली की तांबेरा धरतो. दोन्हींतले एक तोडले तर तो थांबतो. रंग कशासाठी देतात? शोभेसाठी देतात, पण मुख्य म्हणजे पाणी आणि हवा बाहेर राहावी म्हणून देतात. एकदा का रंगाला चीर पडली की पाणी आत शिरते. तांबेरा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो रंगाखाली फुगतो आणि रंगाला फोड आल्यासारखे दिसते. पापुद्रे सुटतात. त्या पापुद्र्यांत ओल धरून राहते, आणि ती ओल पुढचे लोखंड खाते. असे ते वाढत जाते.

गाडी वरून बरी दिसत होती. पण बाजारात गाडगे घेताना बायका टिचकी मारून बघतात ना? तसे आम्ही लहान हातोडीने सगळीकडे ठोकून बघितले. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. कुजलेल्याचा बद्द येतो. टप चांगला निघाला. पण दाराच्या खालच्या कडा, पाय ठेवायची पायरी आणि केबिनचा तळ, जिथे म्हणून चिखल अडकतो आणि पाणी साचते, तिथे सगळीकडे बद्द. तळाच्या पत्र्यात पेचकस घातला तर तो पुरणपोळीत जावा तसा आरपार गेला. तळाला तीन भोके पडली होती. एकातून तर खालची कोंबडी दिसली.

आमच्या गावापासून कोसभर अंतरावर, फाट्यावर, वेल्डिंगचे एक दुकान आहे. दुकानाचा मिस्त्री आमचाच जुना विद्यार्थी. १९८८ साली चौथीत होता. पुढे शाळा सुटली. आता त्याच्या हाताखाली दोन पोरे आहेत. नांगर, ट्रॉली, दारे, खिडक्या, सगळे काम करतो. आम्ही त्याला म्हटले, "गाडी ओढून आणतो. काय होईल ते सांग."

तो घरी येऊन गाडी बघून गेला. गाडीखाली पाठीवर झोपून पंधरा मिनिटे बघत होता. बाहेर आला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्येला धा-बारा म्हैनं लागतील. मला येवढा येळ न्हाई, आन् मजुरी तुम्हाला परवडणार न्हाई. तुम्ही रिकामं हाय. मी शिकवतो, तुम्ही करा."

आम्हाला वाटले, थट्टा करतो. पण त्याचे तोंड गंभीर होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज सायकलवर फाट्याला जाऊ लागलो. सकाळी आठ ते दहा. दुकानातली दोन पोरे वीस-बावीस वर्षांची. ती आम्हाला बघून कोपराने एकमेकांना ढोसत. तुम्हाला ठाऊक आहे ते कसे वाटते. या वर्गात पहिल्या दिवशी पाटी घेऊन बसताना तुमच्यातल्या कितीजणांनी दाराकडे बघितले असेल!

आता वेल्डिंग म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी आपल्या गावचा लोहार दोन लोखंडे भट्टीत लाल-पांढरी करी आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करी. तेही वेल्डिंगच, पण घणाचे. कल्हईवाला किंवा तांबट डाख लावतो, ते वेगळे. डाख हा दुसरा धातू असतो, आणि तो डिंकासारखा दोघांना धरून ठेवतो. विजेच्या वेल्डिंगमध्ये दोन्ही लोखंडांच्या कडा वितळतात, त्यांत रॉडचे लोखंड वितळून मिसळते, आणि थंड झाल्यावर तिन्हींचे मिळून एक होते. लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश उष्णता लागते. विजेची जी ठिणगी असते, तिला आर्क म्हणतात, तिची उष्णता त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून हाताएवढ्या जागेत, भट्टी नसता, लोखंडाचे पाणी होते.

मशीनमधून दोन जाड वायरी निघतात. एकीच्या टोकाला होल्डर असतो. त्यात रॉड धरायचा. दुसरीला चिमटा असतो. तिला अर्थ म्हणतात. तो चिमटा कामाच्या लोखंडाला लावायचा. तोही घासून पांढऱ्या केलेल्या जागी. तांबेऱ्यावर लावला तर वीज अडखळते. मग रॉडचे टोक लोखंडाला आगपेटीची काडी ओढावी तसे ओढायचे आणि किंचित उचलायचे. मधे फट राहावी ती ज्वारीच्या दाण्याएवढी. फट वाढली तर आर्क विझतो आणि ठिणग्या चहूकडे उडतात. फट राहिली नाही तर रॉड चिकटतो.

आमचा रॉड चिकटला. पहिल्या दिवशी दर वेळी चिकटला. चिकटला की मशीन घुमते आणि रॉड लाल होतो. आम्ही घाबरून ओढत होतो. मिस्त्री म्हणाला, "वढू नगा गुरुजी. मनगटानं मोडा." म्हणजे बाजूला झटका द्या. पण हात म्हाताऱ्याचा. त्याला छत्तीस वर्षे खडू धरायची सवय. तो ऐकेना.

रॉडवर जो पांढुरका लेप असतो तो उगाच नसतो. तो जळून त्याचा धूर होतो. तो धूर वितळलेल्या लोखंडाभोवती उभा राहतो आणि बाहेरच्या हवेला आत येऊ देत नाही. हवा शिरली तर सांधा सच्छिद्र होतो, जाळीच्या भाकरीसारखा. उरलेला लेप वितळून लोखंडावर सायीसारखा धरतो. थंड झाल्यावर त्याची खपली होते. ती हातोडीने ठोकून काढायची आणि तारेच्या ब्रशाने घासायचे. हा लेपाचा रॉड विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडन देशातल्या ऑस्कर शेलबर्ग यांनी काढला. आगबोटींचे बॉयलर दुरुस्त करताना त्यांना नागड्या तारेचे सांधे धड वाटेनात. गरज होती म्हणून शोध लागला.

आठ दिवसांनी आमचा रॉड चिकटेनासा झाला. मग रेघ ओढायला सुरुवात. आता रॉड संपत जातो, म्हणून हात एकदम दोन बाजूंना न्यावा लागतो: खाली आणि पुढे. डोळ्यांपुढे काळी काच. काचेतून आर्कशिवाय काही दिसत नाही. आमची रेघ पहिलीतल्या पोराच्या काढलेल्या रेघेसारखी. कुठे गोळा, कुठे कोरडे. मिस्त्री म्हणे, "कानानं ऐका. भजी तळल्यागत चर्र आवाज एकसारखा आला की समजा बरं चाललंय." हे आम्हाला फार उपयोगी पडले. डोळ्यांना दिसेना, पण कानाला कळू लागले.

पंधराव्या दिवशी आम्ही पट्टीचे दोन तुकडे जोडले. वरची रेघ छान आली होती. आम्हाला धन्य वाटले. मिस्त्रीने तुकडा शेगड्यात, म्हणजे त्या पकडीच्या यंत्रात, आवळला आणि मोठ्या हातोडीने एकच ठोका दिला. सांधा टणकन तुटला. आत बघतो तर वितळलेले लोखंड वरवर बसलेले. खाली पट्टीच्या कडा जशाच्या तशा, कापल्याच्या खुणांसकट. भेगेवर नुसता गिलावा केल्यासारखे.

पोरे हसली. मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितले तशी गप्प झाली. मग तो आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, चवथीत मला आठचा पाढा येईना तवा तुम्ही समद्या वर्गाम्होरं म्हनला हुता, तू दगडं फोडायच्या लायकीचा. ध्यानात हाय का?"

आमच्या ध्यानात नव्हते. खरेच नव्हते. किती पोरांना आम्ही काय काय म्हटले असेल, त्याचा हिशेब कुठे आहे?

तो म्हणाला, "मी तसं म्हननार न्हाई. करंट थोडा वाढवा आन् फट सोडून परत घाला."

आम्ही परत घातला. तोही तुटला. तिसरा वाकला, पण तुटला नाही.

महिनाभराने त्याने एक लहान मशीन आम्हाला घरी नेऊ दिले. घरच्या विजेवर चालणारे. सुरू केले की घरातले दिवे मंदावत, आणि आतून आवाज येई, "अहो, मिक्सर चाललाय माझा!" मशीन घरी देताना त्याने अटी घातल्या. गाडीची बॅटरी आधी सोडवायची. जमीन ओली असेल तर काम बंद. पायांत कोरडे बूट, चप्पल नाही. अंगात सुती कपडे. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. आणि डिझेलच्या टाकीजवळ मशीन न्यायचे नाही. आम्ही म्हटले, "टाकी तर तीस वर्षे रिकामी आहे." तो म्हणाला, "म्हनूनच." रिकाम्या टाकीत तेलाची वाफ राहते. भरलेल्या टाकीपेक्षा तिचा धोका जास्त. रिकामे पिंप वेल्डिंग करताना फुटून माणसे मेलेली आहेत. आम्ही टाकी खोलून गाडीपासून दूर नेऊन ठेवली.

घरी आल्यावर नवा घोर लागला. फाट्यावर आम्ही जाड पट्ट्या जोडल्या होत्या. गाडीचा पत्रा पातळ. त्याला रॉड लावला की सांधा व्हायच्या जागी भोक पडे. भोक बुजवायला गेलो की ते मोठे होई. दुपारपर्यंत आम्ही वितभर ठिगळ लावायला गेलो आणि हातभर भगदाड पाडले.

दोन कारणे होती. एक, आम्ही तांबेरा पुरता काढला नव्हता. कुजलेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही. खणखणीत आवाज येतो तिथपर्यंत कापून टाकावे लागते. मनाला फार जड जाते ते. दोन बोटे भोक आणि कापायचा पत्रा टीचभर! दुसरे कारण उष्णतेचे. एका जागी सलग रेघ ओढली की पत्रा तापतो, फुगतो, वाकतो आणि जळतो.

आम्ही कपाळाला हात लावून बसलो होतो. आमच्या घरातल्या मंडळी ओट्यावर गोधडी शिवत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही एका कडेने शिवत सुटलात. मग चुणी पडणारच. आधी चारी कोपरे टाचा. मग मधे मधे कच्चे टाके घाला. एक या टोकाला, एक त्या टोकाला. पक्की शिवण शेवटी."

आम्ही सायकल काढून फाट्याला गेलो आणि मिस्त्रीला हे सांगितले. तो म्हणाला, "काकींनी बराबर सांगितलं. आमी बी टाकाच म्हनतो त्येला." आता बघा. हे आम्ही त्याला आधी विचारले असते तर भगदाड पडले नसते. पण विचारायची लाज वाटली होती.

तेव्हापासून आम्ही तसेच करतो. ठिगळ कापायचे. कोपरे टाचायचे. मग एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, तिसरा भलतीकडेच. मधे हात लावून बघायचे. हाताला सोसेना इतके तापले असेल तर थांबायचे, चहा घ्यायचा. पातळ रॉड आणि कमी करंट. पत्र्यामागे तांब्याची जाड पट्टी धरली तर ती उष्णता ओढून घेते आणि भोक पडत नाही. तांब्याला वितळलेले लोखंड सहसा चिकटत नाही. एका वितीच्या ठिगळाला आम्हाला अर्धा दिवस लागतो. मिस्त्रीला अर्धा तास.

शेजाऱ्याने ठिगळासाठी छपराचा जुना चकचकीत पत्रा दिला होता. मिस्त्रीने तो लांब फेकून दिला. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग केले की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. हिवतापच वाटतो माणसाला.

आता ती चूक सांगतो. सांगू नये असे वाटते, पण त्यासाठीच मुख्य इथे आलो.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. सात वर्षांचा. त्याला गाडीचे वेड. आम्ही काम करताना तो भोवती फिरे. आम्ही त्याला सांगितले होते, "इकडे बघायचे नाही." एवढे सांगितले म्हणजे झाले, असे आम्हाला वाटले. सात वर्षांच्या पोराला 'बघू नको' म्हणणे म्हणजे काय, हे छत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला कळायला हवे होते. आमच्या तोंडावर काळी काच. आम्हाला तो दिसत नव्हता. तो गाडीच्या पुढच्या चाकाआडून बघत बसला होता. दिवसभर.

रात्री अकरा वाजता तो किंचाळत उठला. डोळ्यांत वाळू गेली म्हणू लागला. डोळे लाल, पाण्याच्या धारा, दिवा लावला की ओरडे. घरात धावाधाव. कुणी म्हणाले बटाट्याचा रस घाला, कुणी म्हणाले दूध घाला. फाट्यावरची पोरेही तेच करतात, हे आम्ही बघितले होते. सून रडत होती. ती आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आम्ही डोळ्यांत काही घालू दिले नाही. शेजाऱ्याच्या जीपमधून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले. रात्रीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळे तपासले, औषध घातले, आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "घरात वेल्डिंग कोण करते?" आम्ही मान खाली घातली.

त्यांनी समजावून सांगितले ते तुम्हालाही सांगतो. आर्कच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. उन्हातही ते असतात, पण आर्कजवळ फार. ते डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा भाजतात. उन्हाने कातडी भाजते, तसेच. भाजताना काही कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा रात्री, दुखू लागते. बटाटा, दूध, मध असले काही घातले तर भाजलेल्या जागी जंतू जातात, आणि बरा व्हायचा डोळा बिघडतो. दवाखान्यात यायचे. डोळे चोळायचे नाहीत. साध्या काळ्या गॉगलने भागत नाही. वेल्डिंगची काच निराळी असते, तिच्यावर नंबर असतो. आमच्या कामाला दहा किंवा अकरा नंबरची लागते. आणि जो वेल्डिंग करत नाही, नुसता जवळ उभा आहे, त्याचेही डोळे तितकेच भाजतात.

पोरगा दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता. आम्ही त्याच्या उशाशी बसून गोष्टी सांगत होतो. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "आजोबा, आता नीट दिसतंय." देवाची कृपा म्हणा किंवा वेळेवर गेलो म्हणा.

महिनाभर आम्ही मशीनला हात लावला नाही. मग मिस्त्रीच घरी आला. त्याने आपल्या डाव्या डोळ्याकडे बोट दाखवले. तो सदा पाणावलेला असतो. म्हणाला, पहिली पाच वर्षे काच नव्हती, तोंड फिरवून काम केले. मग त्याने आणि आम्ही मिळून गाडीभोवती बांबू रोवले आणि जाड ताडपत्रीचा आडोसा केला. आमची आता एक रीत आहे. पोरे घरात गेली, दार लागले, आतून मंडळींनी "हो" म्हटले, की मगच मशीनचे बटण. फाट्यावरच्या दोन्ही पोरांसाठी आम्ही आमच्या पेन्शनीतून काचेचे मुखवटे आणून दिले. ती घालतात की नाही ते बघायला अधूनमधून जातो. एक घालतो. दुसऱ्याला अजून रागवावे लागते.

गाडीचे पुढे काय झाले? केबिनचा तळ पुरा झाला. पायरी झाली. एका दाराची खालची कड राहिली आहे. इंजिन पर्किन्सचे डिझेल. ते साताऱ्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने खोलून ठेवले आहे. त्याबद्दल आम्ही बोलू नये, आम्हाला त्यातले कळत नाही. सांधलेल्या जागा घासून त्यांवर तांबडा रेड ऑक्साइड लगेच फासायचा, हे मात्र कळते. एक रात्र उघडे ठेवले तरी सकाळी पत्र्यावर तांबूस झाक येते.

गेल्या पावसाळ्याआधी गाडी घासताना चासीला एक बारीक तडा दिसला. चासी म्हणजे गाडीचा कणा. मागच्या कमानपाट्याच्या वर, केसाएवढा तडा. आता आमचा हात बसला होता. आम्ही रॉड लावणारच होतो. पण म्हटले, विचारावे. मिस्त्री गाडीखाली गेला. बोट फिरवून आला. "ह्येला हात लावायचा न्हाई," म्हणाला.

आम्ही म्हटले, "तू लाव मग."

"म्या बी न्हाई लावणार. पत्रा तुटला तर भोक पडंल. चासी तुटली तर मानूस मरंल. वेल्डिंगच्या कडंला लोखंडाचा जीव कमी व्हतो. तडा बुजल, आन् बोटभर सरकून दुसरा फुटंल. चासीचं काम करणारा वेगळा असतो. त्यो पट्टी बसवून बोल्टानं आवळंल."

वीस वर्षांचा कारागीर, आणि सरळ म्हणतो, हे मला येत नाही. आम्ही वर्गात असे किती वेळा म्हटले? गणितात अडलो की पोरांना उतारा लिहायला लावत होतो.

फिटनेसचा दाखला मिळाल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि हिला तो मिळेल असे आम्हाला वाटत नाही. अंगणातून वेशीपर्यंत एकदा जावी, एवढीच इच्छा आहे. तीही चासीचा माणूस येऊन गेल्यावर.

परवा मिस्त्री आला होता. नव्या तळावर उभा राहिला आणि दोन्ही पायांनी नाचला. पत्रा हलला नाही. मग खाली वाकून हातोडीने एकेक टाका ठोकत गेला. आम्ही बाजूला उभे. परीक्षेचा निकाल लागताना पोरांची छाती का धडधडते, ते या वयात कळले. कोपऱ्यातल्या एका टाक्यापाशी तो थांबला. पुन्हा ठोकला. खडू मागितला आणि त्याभोवती गोल केला.

"ह्यो परत घाला," म्हणाला. "बाकी ऱ्हाऊ द्या."

तो टाका अजून घालायचा आहे. पाऊस उघडला की जमीन वाळेल, मग घालू. तुमच्यापैकी कुणाला बघायला यायचे असेल तर जरूर या. पण काच आमच्याकडे एकच आहे. बाकीच्यांनी ताडपत्रीबाहेर बसून आवाज ऐकायचा.